बद्द आवाज

अण्णांच्या उजव्या खिशात कायम लाल खडू असायचा. फळ्यावर लिहायचा नव्हे. जाड, तेलकट, गार लोखंडावर उठणारा. कपडे भिजवायच्या आधी आई तो खिसा उलटा करून बघायचीच. तरी वर्षातून एकदोनदा बादलीभर पाणी गुलाबी व्हायचं आणि माझा शाळेचा पांढरा शर्ट त्यात सापडायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत अण्णा ३१ वर्षं तपासणीवर होते.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी जायची. वाळूचा, जळक्या तेलाचा वास, पायाखाली काळी भुकटी. साच्यातून काढून, घासूनपुसून झालेले जॉब जमिनीवर ओळीनं मांडलेले असायचे आणि अण्णा उकिडवे बसून, हातातल्या छोट्या हातोडीनं एकेकाला टोला देत पुढं सरकायचे. टण्ण. टण्ण. टण्ण. मधेच एखादा थड्. मग ते थांबायचे, जॉब कलता करायचे, दुसऱ्या बाजूनं पुन्हा एक टोला. मग खिशातला खडू निघायचा आणि त्या जॉबवर मोठी लाल फुली पडायची.

“ऐकालीस न्हवं? बद्द हाय ह्यो.”

“बाहेरनं तर चांगला दिसालाय की, अण्णा.”

“बाहेरनं सगळेच चांगले दिसत्यात.”

आत कुठं हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, कुठं केसाएवढी चीर असते. ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाज खाते. शिवाय सगळ्या लोखंडाचा आवाज एक नसतो. एसजी आयर्नचा जॉब घंटेसारखा वाजतो, ग्रे आयर्नचा मुळातच दबका. त्यामुळं कुठल्या मेटलचा निरोगी आवाज कसा, हे आधी कानात मुरलेलं असावं लागतं. फुलीचे जॉब दिवसाअखेर ढकलगाडीत भरून भट्टीकडं जायचे. भंगारवाल्याकडं कधीच नाही. उद्याच्या ओतकामाच्या मेटलमध्ये ते वितळून जायचे. चांगल्या जॉबच्या कापून काढलेल्या दांड्या, वर साठलेलं जास्तीचं लोखंड, तेही त्याच भट्टीत. त्या शेडमधून लोखंड म्हणून काही वाया गेलेलं मला आठवत नाही.

आता अण्णा ७२ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. थरथर म्हणण्यापेक्षा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूहळू घासली जायची. मेंदूच्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. त्यांच्या पुस्तकात या हालचालीला गोळी वळणं म्हणतात, पूर्वीचे औषधवाले बोटांच्या चिमटीत गोळी वळायचे तशी. मला मात्र त्या चिमटीत खडूच दिसला. अजून दिसतो.

पार्किन्सन हे नाव त्या दिवशी घरात आलं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी अकरावीला पेशीचा धडा घेते, तंतुकणिकेची लंबगोल आकृती फळ्यावर काढते, आतल्या घड्या दाखवते, “पेशीचं ऊर्जाकेंद्र” असं अधोरेखित करून पुढं जाते. त्या रात्री वाचता वाचता मला एका प्रथिनाचं नाव सापडलं: पार्किन. या आजारावरूनच ठेवलेलं. आणि त्याचं काम काय, तर बिघडलेल्या तंतुकणिकेवर खूण करणं. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. मग उठून अण्णांच्या खोलीत डोकावून आले. ते झोपले होते. झोपेत हात स्थिर असतो.

तेव्हापासून मी या एका विषयाच्या मागं आहे. पेशीला आपली बिघडलेली तंतुकणिका ओळखू कशी येते, आणि ओळखल्यावर ती तिचं काय करते. शास्त्रात याला मायटोफॅजी म्हणतात. पेशी स्वतःचेच भाग पचवते, त्या स्वभक्षणाचा हा निवडक प्रकार.

तंतुकणिका या शब्दातच तिचं रूप आहे. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानं ग्रीक भाषेतले धागा आणि कण हे दोन शब्द जोडून मायटोकॉन्ड्रिया हे नाव केलं. मराठी नाव त्याचंच नेमकं भाषांतर. फळ्यावर आपण काढतो तशी ती एकटी, ठाम कडांची राहत नाही. जिवंत पेशीत तिचे धागे लांबतात, दुसऱ्याला जुळतात, तुटतात, पुन्हा जुळतात. फार फार पूर्वी ती स्वतंत्र जिवाणू होती, दुसऱ्या पेशीत शिरली आणि तिथंच राहिली. म्हणून तिच्याकडं अजून स्वतःचा डीएनए आहे. माणसात १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, छोटासा गोल.

तिचं काम धोक्याचं आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ती पायरीपायरीनं ऑक्सिजनपर्यंत नेते, आणि त्या ओघात प्रोटॉन आतल्या पडद्याबाहेर ढकलत राहते. त्यातून पडद्याच्या दोन बाजूंना दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पडद्याची जाडी मीटरच्या काही अब्जांशांएवढीच, त्यामुळं मीटरच्या हिशेबानं ते कोटींच्या घरातले व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे तीस लाख पुरतात. इतका ताण त्या पडद्यावर अष्टौप्रहर असतो आणि त्याच दाबावर आपला श्वास, चालणं, हे वाचणं चाललेलं असतं. अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन वाट चुकतो, ऑक्सिजनला अर्धवट चिकटतो, आणि त्यातून तयार झालेले तिखट रेणू जवळच्या प्रथिनांना, चरबीला, त्या छोट्या डीएनएला डागतात. इतक्या भट्टीजवळ काम करणाऱ्याला कधीतरी चटका बसणारच. बिघडलेली तंतुकणिका ऊर्जा कमी देते आणि तिखट रेणू जास्त सोडते. फुटली तर तिच्यातली काही द्रव्यं अख्ख्या पेशीला मरणाचा हुकूम देऊ शकतात. तिला वेळेत बाजूला काढणं भाग असतं.

पण ओळखायची कशी? यात मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते पिंक१ नावाच्या प्रथिनानं.

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत समोर एक शिक्षिकाबाई एकट्या राहायच्या. पहाटे साडेपाचला गवळी त्यांच्या कडीला दुधाची पिशवी अडकवून जायचा आणि सहाच्या आत ती आत घेतलेली असायची. एकदा आठ वाजले तरी पिशवी तिथंच. आई हातातलं पीठ तसंच ठेवून पळाली. बाई न्हाणीत पडल्या होत्या, पाय मोडला होता. हाक ऐकू आली नव्हती, आवाज झाला नव्हता. रोज आत जाणारी पिशवी आत गेली नव्हती, आईला तेवढंच पुरलं.

पिंक१ ही अशी पिशवी आहे. पेशी ते सतत बनवते आणि प्रत्येक तंतुकणिकेच्या दारात पाठवत राहते. निरोगी तंतुकणिका आपल्या विजेच्या दाबावर त्याला आत ओढून घेते, आत एक विकर त्याचे तुकडे पाडतं, उरलेलं बाहेर येऊन नष्ट होतं. म्हणजे सगळं ठीक असताना पिंक१ जवळजवळ दिसतच नाही. दाब कोसळला की आत ओढणं थांबतं आणि पिंक१ बाहेरच्या पडद्यावरच अडकून साठायला लागतं. अण्णा आवाज ऐकायचे, पेशी दाब ऐकते. दाब गेलेली तंतुकणिका बद्द वाजते.

त्यानंतरची खूण म्हणजे युबिक्विटिन. ७६ अमिनो आम्लांचं हे लहानसं प्रथिन पेशीत सगळीकडं असतं, त्याचं नावही त्यावरूनच. टाकून द्यायच्या प्रथिनाला ते चिकटवलं जातं, हे उलगडणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारात साठलेलं पिंक१ या युबिक्विटिनच्या ६५ व्या जागेवर फॉस्फेट बसवतं. पार्किनच्याही ६५ व्याच जागेवर बसवतं. आत्तापर्यंत पार्किन स्वतःलाच मिठी मारून निष्क्रिय बसलेलं असतं, ते उलगडतं आणि बाहेरच्या पडद्यावरच्या प्रथिनांना युबिक्विटिन लावत सुटतं. नव्या युबिक्विटिनवर पिंक१ पुन्हा फॉस्फेट ठेवतं, त्यानं आणखी पार्किन ओढलं जातं. थोड्याच वेळात तंतुकणिका लाल फुल्यांनी भरून जाते. मग ऑप्टिन्युरिनसारखी मध्यस्थ प्रथिनं येतात. त्यांचा एक हात खुणेवर आणि दुसरा हात वाढत चाललेल्या एका पडद्यावर. तो दुहेरी पडदा तंतुकणिकेला चारी बाजूंनी वेढून घेतो, पिशवी मिटते आणि लयकारिकेत विलीन होते.

लयकारिका ही आपली भट्टी. तिथं आम्ल आहे, पचवणारी विकरं आहेत. १९५५ मध्ये ती ख्रिस्तियान द दूव यांनी ओळखली, आणि १९६३ मध्ये स्वभक्षण हा शब्दही त्यांनीच वापरात आणला. शाळेच्या पुस्तकात तिला आत्मघाती पिशवी म्हटलेलं असतं. मुलं परीक्षेत तेवढंच लिहितात आणि मला दरवर्षी वाईट वाटतं. जी रोज घरातलं मोडकं वितळवून पुन्हा अमिनो आम्लं, मेदाम्लं हाती देते, तिला असं नाव देऊ नये. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या साध्या पेशींना उपाशी ठेवून या कामाची जनुकं शोधली, त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उपाशी पेशी मिळेल ते वितळवून खाते. निवडून वितळवणं मात्र वेगळं कसब आहे, आणि मी ज्याच्याबद्दल लिहितेय ते हेच.

निवडीचा हा रस्ता माणसाच्या पेशीत पहिल्यांदा नीट दिसला २००८ मध्ये. अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत डेरेक नरेंद्र आणि सहकाऱ्यांनी पेशींना एक रसायन दिलं, ते तंतुकणिकांचा दाब घालवतं. पेशीभर विखुरलेलं पार्किन उठून नेमकं त्या दाब गेलेल्या तंतुकणिकांवर जाऊन बसलं. भरपूर पार्किन असलेल्या कित्येक पेशींत एक-दोन दिवसांत तंतुकणिका शिल्लकच राहिल्या नाहीत. या कामाचे बाकीचे दुवे आधीच हाती आले होते. १९९८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सनच्या कुटुंबांत पार्किनचं जनुक शोधलं होतं. २००४ मध्ये तशाच दुसऱ्या कुटुंबांत पिंक१ सापडलं. २००६ मध्ये फळमाशीत दिसलं की दोन्ही एकाच वाटेवर काम करतात. ही जनुकं नसलेल्या माशीचे उडायचे स्नायू खचतात, पंख खाली लोंबतात.

मी हे अण्णांना सांगितलं. रंकाळ्याच्या काठानं आम्ही संध्याकाळी फिरतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि व्यायामानं या आजारात चालणं, तोल सुधारतो हे खरंच आहे. त्यांची पावलं आता आखूड पडतात. बाकावर बसल्यावर मी सगळं सांगितलं, पिशवीसकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले,

“आणि फुली मारणाऱ्याला कोण तपासतो?”

मी गप्प झाले. मला हा प्रश्न पडला नव्हता.

घरी येऊन शोधलं. तपासणाऱ्यावरही तपासणी आहे. पार्किनची ती स्वतःला मारलेली मिठी हे पहिलं कुलूप. पिंक१ दारात साठल्याशिवाय ते उघडत नाही. दुसरं म्हणजे यूएसपी३० नावाचं विकर तंतुकणिकेच्या पडद्यावरच बसलेलं असतं आणि लावलेलं युबिक्विटिन काढून टाकत राहतं. खूण लावणारा आणि पुसणारा एकाच वेळी कामाला, आणि लावण्याचा जोर पुसण्यापेक्षा वरचढ झाला तरच तंतुकणिका भट्टीला जाते. मला अण्णांचा अंगठा आठवला. कधीकधी फुली मारून झाल्यावर ते जॉब दुसऱ्या सपाटीवर ठेवून परत वाजवायचे. खाली खडा होता म्हणून आवाज दबलेला असायचा. मग थुंकी लावून अंगठ्यानं फुली पुसून टाकायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हां. न्हाईतर समदाच माल भट्टीत जाईल. मग पाठवायचं काय?”

त्याच्याही आधी पेशी दुरुस्तीचा प्रयत्न करते. थोडी खराब झालेली तंतुकणिका चांगलीला जुळते आणि दोघींचा माल एकत्र होऊन दोष पातळ होतो. पण दाब गेलेलीनं परत जुळू नये म्हणून पार्किन ज्या प्रथिनांवर सर्वांत आधी खुणा करतं त्यांत हे जुळवणारं प्रथिनही असतं. मायटोफ्युजिन त्याचं नाव. जाळ्यातून तिला वेगळं पाडायचं, मग वेढायचं. हे वाचताना मला अंगावर काटा आला होता.

बिघडलेलीच काढतात असंही नाही. रक्तातली तांबडी पेशी अस्थिमज्जेत घडत असताना तिच्यात धडधाकट तंतुकणिका असतात. बाहेर पडता पडता ती त्या सगळ्या काढून टाकते. इथं खुणेचं काम निक्स नावाचं दुसरं प्रथिन करतं. ऑक्सिजन पोचवणारीनं तो वाटेत खायचा नाही, आणि आतली जागा हिमोग्लोबिनला द्यायची. मग स्वतः अगदी थोडक्यात भागवत सुमारे १२० दिवस धावायचं.

दुसरं उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या पहिल्या दिवसांचं आहे. शुक्राणूच्या मधल्या भागात ५०-७५ तंतुकणिका असतात, त्यांच्या जोरावर तो पोहतो. बीजांडात त्या लाखाच्या घरात. फलन झाल्यावर बापाकडून आलेल्या त्या मूठभर तंतुकणिका काढून टाकल्या जातात. त्यांच्यावर युबिक्विटिनची खूण असते हे १९९९ मध्ये गाई आणि माकडांच्या भ्रूणांत दिसलं. त्यामुळं तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात.

आई जाऊन आता पाच वर्षं होतील. माझ्या प्रत्येक पेशीत जळणारी भट्टी तिची आहे, तिच्या आईची, कागल तालुक्यातल्या त्या न पाहिलेल्या पणजीची. माझ्या लेकीतही तीच. अण्णांची एकही तंतुकणिका माझ्यात नाही. हे कळलं तेव्हा मी थोडी हिरमुसले होते. मग लक्षात आलं की पिंक१ आणि पार्किन यांची जनुकं तंतुकणिकेच्या त्या छोट्या गोलात नाहीतच. ती केंद्रकात आहेत, एक पहिल्या गुणसूत्रावर, दुसरं सहाव्यावर. आणि त्यांची एकेक प्रत बापाकडून येते. भट्ट्या आईच्या, आणि त्यांना रोज टोला मारून ऐकणारा जो हात आहे त्यात निम्मा अण्णांचा.

अण्णांचा आजार त्या दोन जनुकांमुळं झालेला नाही. तो प्रकार तरुणपणी गाठतो आणि दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. त्यांना सहासष्टाव्या वर्षी सुरू झाला. बहुसंख्य रुग्णांत ही जनुकं ठीकच असतात. पण उतारवयातल्या साध्या पार्किन्सनमध्येही, मेंदूच्या ज्या काळसर भागातल्या पेशी मरतात तिथं तंतुकणिकेच्या इलेक्ट्रॉन वाहण्याच्या पहिल्याच पायरीचं काम घटलेलं असतं, हे १९९० च्या आसपास दिसून आलं आहे. त्या पेशी डोपामिन बनवतात. त्यांना फाटे फार, त्यामुळं ऊर्जेची भूक फार. आणि त्या विभागत नाहीत. कातडीची पेशी बिघडली तर गळून पडते, जागी दुसरी येते. या पेशीला मात्र मिळालेलं घर ७०-८० वर्षं स्वतःच झाडावं लागतं. झाडणं जरा मागं पडलं की केर साठतो.

हल्ली पेशी आतून स्वच्छ करून देणाऱ्या भुकट्यांच्या जाहिराती अण्णांच्या फोनवर येतात. मी त्या विकत घेऊ दिल्या नाहीत. व्यायामानंतर स्नायूंत मायटोफॅजी वाढते हे उंदरांत दाखवलेलं आहे, आणि गंगावेस तालमीत लहानपणी काढलेल्या जोरांची आठवण काढत अण्णा सकाळी गादीवर हातपाय हलवतात. त्यावर माझा विश्वास आहे, गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यावर आहे. यूएसपी३० ला आवर घालून खुणा टिकवता येतील का यावर औषधांचं काम चालू आहे. ते मी वाचत राहते.

गेल्या मार्चमध्ये माठ घ्यायला आम्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो. अण्णांना खुर्ची दिली. मांडीवर हात, अंगठा तर्जनीवर फिरत होता, खडू चोळल्यासारखा. कुंभाराच्या सुनेनं एक माठ पुढं केला. अण्णांनी हात उचलला आणि थरथर थांबली. या आजारात स्वस्थ ठेवलेला हात कापतो. मुद्दाम कामाला लावला की काही क्षण शांत होतो. बोटाची पेरं वाकवून त्यांनी माठाला टोला दिला. कान जवळ नेला. फिरवून दुसऱ्या बाजूला आणखी एक.

“बद्द हाय. दुसरा दाव, पोरी.”

दुसराही परत गेला. तिच्या तोंडावर नाराजी दिसायला लागली होती, मी काही बोलणार तेवढ्यात तिनं तिसरा आणला. अण्णांनी वाजवायच्या आधीच हात त्यावर ठेवला, गार लागतोय का बघितल्यासारखा. मग टोला. टण्ण. माझ्याकडं बघितलं.

“ऐकालीस न्हवं?”

“ऐकलं, अण्णा.”

हात परत मांडीवर आला. अंगठा पुन्हा फिरायला लागला. मी पैसे दिले, माठ रिक्षात दोघांच्या मधे ठेवला, आणि घर येईपर्यंत त्यांनी त्याला धरून ठेवलं.